माणूस गेल्यानंतर घर कोणाचे?



घरातला कर्ता माणूस गेला की पहिले काही दिवस माणसांची वर्दळ असते. जलदान विधी होतो, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो, गावाकडची मंडळी परत जातात. मग एका दुपारी कोणीतरी लोखंडी कपाट उघडते. त्यातून पासबुके निघतात, विम्याची पॉलिसी निघते, सिडकोचे वाटपपत्र निघते. हे सर्व कापडी पिशवीत घालून मंडळी बँकेत आमच्या काउंटरवर येतात आणि विचारतात, "साहेब, नॉमिनी म्हणून माझंच नाव आहे. म्हणजे घरही माझंच झालं ना?"

गेल्या वीस वर्षांत हा प्रश्न आम्ही अनेकदा ऐकला आहे. त्याचे उत्तर 'नाही' असे एका शब्दात देता येते. पण समोरच्याचे समाधान एका शब्दाने होत नाही, आणि मागे रांग उभी असते. म्हणून काउंटरवर जे सांगता येत नाही ते या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगावे असे योजले आहे. आम्ही वकील नव्हे. कागद पाहणारे कारकून आहोत. तेव्हा हा लेख वकिलाच्या जागी नाही, वकिलाकडे जाण्यापूर्वी वाचावा यासाठी आहे.

आरंभी एक गैरसमज दूर केला पाहिजे. "आपण बौद्ध आहोत, मग हिंदू वारसा कायदा आपल्याला कसा लागू होईल?" असे पुष्कळ सुशिक्षित बांधवही विचारतात. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ याच्या दुसऱ्याच कलमात तो बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. नाव खटकते हे खरे. परंतु या कायद्याशी आपले नाते निराळे आहे. बाबासाहेबांनी कायदामंत्री म्हणून जे हिंदू कोड बिल पुढे आणले, त्यात मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा देण्याची तरतूद होती. ते बिल रखडवले गेले, आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या कारणांत हे एक मोठे कारण होते. पुढे त्याच बिलाचे तुकडे करून चार कायदे झाले. त्यांपैकी उत्तराधिकाराचा कायदा १७ जून १९५६ रोजी अमलात आला. नागपूरची धम्मदीक्षा त्याच वर्षी १४ ऑक्टोबरची. म्हणजे दीक्षाभूमीवर ज्या मायभगिनी उभ्या होत्या, त्यांना आपल्या वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात भावाइतका हक्क चार महिने आधीच मिळालेला होता. किती जणींना तो ठाऊक होता हा भाग वेगळा. आजही किती जणींना ठाऊक आहे, हा त्याहून अवघड प्रश्न.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. समजा, नेरूळला सिडकोच्या इमारतीत राहणारे एक गृहस्थ मृत्युपत्र न करता वारले. मागे त्यांची वृद्ध आई, पत्नी, दोन मुलगे आणि लग्न होऊन चेंबूरला दिलेली एक मुलगी. घर त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतलेले. या घराचे वाटे किती? आमच्या लोकांचे उत्तर बहुधा 'दोन' असे येते. कोणी थोडा विचार करून 'तीन' म्हणतो. कायद्याचे उत्तर पाच असे आहे. आई, पत्नी, दोन्ही मुलगे व मुलगी हे पाचही पहिल्या वर्गाचे वारस, आणि प्रत्येकाला सारखा एक पंचमांश. मुलीचे लग्न १९८५ साली झाले की २०१५ साली, तिच्या लग्नात किती खर्च झाला, याचा येथे काही संबंध नाही. एखादा मुलगा किंवा मुलगी आधीच वारली असेल तर तो वाटा तिच्या किंवा त्याच्या कुटुंबाकडे जातो. वडील मात्र पहिल्या वर्गात नाहीत, आई आहे. हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे, परीक्षेतही विचारतात.

या आजीच्या पंचमांशाकडे कोणीच पाहत नाही. "म्हातारीला काय करायचंय घर!" असे म्हणून विषय संपतो. दोन-चार वर्षांनी आजीही जाते. तिने मृत्युपत्र केलेले नसते. मग तिचा पंचमांश तिच्या सर्व मुलामुलींत वाटला जातो, आणि नेरूळच्या त्या घरात काका आणि आत्या हेही कायद्याने हिस्सेदार होऊन बसतात. नातू घर विकायला काढतो तेव्हा खरेदीदाराचा वकील या सर्वांच्या सह्या मागतो. एक काका सुरतेला, एक आत्या सोलापूरला, आणि एका काकांशी बोलणे बंद. जे काम आजी असताना एका कागदात झाले असते, त्याला आता पाच गावे फिरावे लागते.

नॉमिनीचे कोडे

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो रक्कम किंवा वस्तू हाती घेणारा विश्वस्त असतो. पुढे ती खऱ्या वारसांना पोचवणे त्याचे काम. बँक नॉमिनीला पैसे देते ते बँकेची सुटका व्हावी म्हणून, वारसांचा हक्क बुडावा म्हणून नव्हे. कंपन्यांच्या शेअर्सबाबत काही लोक निराळे मत मांडत असत, पण १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेथेही नॉमिनी हा मालक होत नाही असाच निकाल दिला. विम्याचा अपवाद सांगितला पाहिजे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आयुर्विम्यात आईवडील, पती, पत्नी किंवा मुले यांना नॉमिनी केले असेल, तर ती रक्कम सर्वसाधारणपणे त्यांचीच होते.

घराचे तर आणखी स्पष्ट आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१९ साली १५४-ब क्रमांकाच्या कलमांचे नवे प्रकरण घातले गेले. त्यानुसार सभासद वारल्यावर संस्था नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते; आणि मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस दाखला किंवा सर्व वारसांनी मिळून केलेले कौटुंबिक व्यवस्थापत्र यांच्या आधारे खरा वारस ठरेपर्यंतच तो तसा राहतो. नॉमिनी नेमलेलाच नसेल तर संस्थेला दोन स्थानिक वर्तमानपत्रांत नोटीस देऊन हरकती मागवाव्या लागतात. तरीही संस्थेच्या सेक्रेटरीने भाग दाखल्याच्या मागे थोरल्या मुलाचे नाव चढवले की घर त्याचे झाले, असे समजून चालणारी घरे आमच्या पाहण्यात पुष्कळ आहेत. सेक्रेटरी न्यायाधीश नसतो, हे सेक्रेटरीलाही कधीकधी सांगावे लागते.

याचा अर्थ नॉमिनेशन करू नये असा नाही. जरूर करावे. त्याने काम सुरू होते, अडून राहत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवींना चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात व प्रत्येकाचा हिस्सा लिहिता येतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये जे निर्देश काढले, त्यांनुसार कागद पूर्ण असतील तर मयत खातेदाराचा दावा बँकेने १५ दिवसांत निकाली काढायचा आहे. यात 'कागद पूर्ण असतील तर' हे शब्द महत्त्वाचे. मृत्यूचा दाखला, नॉमिनीची ओळखपत्रे आणि पासबुक यांवरचे नाव एकच हवे. पासबुकात एक आडनाव, आधारकार्डात दुसरे, आणि मृत्यूच्या दाखल्यात वडिलांचे नावच आडनाव म्हणून पडलेले, असे आपल्या समाजात फार घडते. कारण कित्येकांनी मधल्या काळात आडनावे बदलली. हयातीतच हे जुळवून घ्यावे.

मृत्युपत्र आणि प्रोबेट

प्रोबेट हा शब्द ऐकला की लोक घाबरतात. अर्थ सोपा आहे. मृत्युपत्र खरोखर त्याच माणसाचे आहे, शुद्धीत व आपखुशीने केलेले आहे, हे तपासून न्यायालय आपल्या शिक्क्यानिशी जो दाखला देते तो प्रोबेट. मृत्युपत्रात ज्याला अंमलबजावणीसाठी नेमले आहे, तो एक्झिक्युटर यासाठी अर्ज करतो. तसा कोणी नेमलेला नसेल, तर प्रोबेटऐवजी लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन मागावे लागते. अर्जासोबत मूळ मृत्युपत्र जोडतात, मालमत्तेची यादी देतात, दोन साक्षीदारांपैकी किमान एकाचे प्रतिज्ञापत्र घेतात. सर्व वारसांना नोटीस जाते. कोणी हरकत घेतली नाही तर काम काही महिन्यांत होते. हरकत आली की त्याचा दावा होतो, आणि मग वर्षे मोजावी लागतात. शुल्क मालमत्तेच्या किमतीवर ठरते व त्याला वरची मर्यादा आहे.

आपल्याकडे एक मौज आहे. खाडीच्या पलीकडे बृहन्मुंबईत प्रोबेट सक्तीचे होते आणि खाडीच्या अलीकडे नव्हते. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमातील कलम २१३ प्रमाणे मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी हद्दीत केलेल्या, किंवा त्या हद्दीतील घर-जमिनीबद्दलच्या हिंदू, बौद्ध, शीख व जैनांच्या मृत्युपत्राला प्रोबेट घेतल्याशिवाय न्यायालयात हक्क सांगता येत नसे. नवी मुंबई त्या हद्दीबाहेर. त्यामुळे वाशीच्या घराचे वाशीतच केलेले मृत्युपत्र प्रोबेटविना चाले. पण तेच मृत्युपत्र कुर्ल्याला भावाच्या घरी बसून सही केले तर सक्ती लागू होई. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने निरसन व सुधारणा कायदा करून हे कलमच काढून टाकले. आता प्रोबेट सक्तीचे नाही. घेता येते मात्र अजूनही, आणि भाऊबंदकीची चिन्हे असतील तर घ्यावे असे आमचे मत आहे. एकदा प्रोबेट मिळाले की मृत्युपत्राच्या खरेपणाबद्दल संस्था, सिडको किंवा खरेदीदार यांना शंका काढायला जागा राहत नाही. अर्ज कोठे करायचा हे मयताचे राहणे व मालमत्ता कोणत्या जिल्ह्यात, यावर ठरते. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, कळंबोली, पनवेल, उलवे हे रायगड जिल्ह्यात येतात.

मृत्युपत्र करणे त्यामानाने फार सोपे. साधा कोरा कागद चालतो. मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून घेतलेली बरी. दोन साक्षीदार हवेत आणि करणाऱ्याने सही किंवा अंगठा केलेला त्यांनी पाहिलेला असावा. त्यांना आतला मजकूर कळण्याची गरज नाही. ज्याला वाटा मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. आणि साक्षीदार वयाने लहान असावेत. पंचाहत्तरीच्या गृहस्थांनी आपल्याच वयाचे दोन मित्र घेतले, तर सिद्ध करायच्या वेळी तिघेही नसतात. पती-पत्नी दोघांच्या नावे घर असेल तर आपल्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करता येते, हेही अनेकांना माहीत नसते.

स्वकष्टाची मालमत्ता कोणालाही देण्याची मोकळीक कायद्याने दिली आहे. "मुलीचे लग्न करून दिले आहे, सबब तिला काही नाही" अशी वाक्ये आम्ही मृत्युपत्रांत वाचली आहेत, आणि ती कायद्याने चालतात. ज्या भिंतीखाली बसून ती लिहिली गेली, त्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. अधिक लिहीत नाही.

मागे राहिलेल्या वस्तूंची व्यवस्था किती काळ अडून राहू शकते, याचे आपणा सर्वांना जवळचे असे एक उदाहरण आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे दिल्लीत महापरिनिर्वाण झाले. त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते ठेवलेल्या पेट्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या ताब्यात होत्या व पुढे महाराष्ट्राच्या ॲडमिनिस्ट्रेटर जनरलकडे आल्या. मयताच्या मालमत्तेची सरकारी देखरेख करणारा हा अधिकारी. वसंत मून यांच्या संपादनाखाली राज्य शासनाच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १९७९ साली निघाला; पेट्यांतले कागद संपादकांच्या हाती पडले ते त्यानंतर, आणि त्यांवर आधारलेले तिसरा व चौथा हे खंड १९८७ साली प्रसिद्ध झाले. तीस वर्षे! त्या पेट्यांत काय होते हे वाचल्यावर, मधल्या एका पिढीने काय गमावले याची कल्पना येते. आपल्या कपाटात एवढे मोलाचे काही नसेल. पण मुलांच्या शिक्षणासाठी विकता आले असते, किंवा तारण ठेवता आले असते, असे घर असते.

मृत्युपत्र नसेल तर

मग वारस कोण हे ठरवून घ्यावे लागते. येथे दोन दाखल्यांची गल्लत होते. उत्तराधिकार प्रमाणपत्र, ज्याला लोक सक्सेशन सर्टिफिकेट म्हणतात, ते मूळ कायद्यात येणे रकमा, ठेवी, रोखे यांच्यासाठी आहे. घरासाठी आपल्या राज्यात १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली दिवाणी न्यायालयातून वारस दाखला घेण्याची जुनी वाट आहे. न्यायालय नोटीस प्रसिद्ध करते, हरकत नसेल तर दाखला देते. त्यात सर्व वारसांची नावे येतात. 'सर्व' याचा अर्थ मुलीसुद्धा. अर्जात बहिणीचे नाव गाळणे ही न्यायालयाची फसवणूक आहे, आणि उघडकीस आली तर दाखला रद्द होऊ शकतो.

त्यानंतर सर्वांच्या संमतीने घर एकाच्या नावे करायचे असेल तर इतरांनी हक्कसोडपत्र करावे. ते नोंदणीकृतच हवे; नोटरीपुढे केलेला कागद पुरत नाही. वारसांनी मोबदला न घेता आपसांत केलेल्या हक्कसोडपत्राला मुद्रांक किरकोळ लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून तो ५०० रुपये आहे. अज्ञान मुलाचा हक्क त्याच्या आईच्या किंवा काकाच्या सहीने सुटत नाही, न्यायालयाची परवानगी लागते.

हक्कसोडपत्राबद्दल थोडे स्पष्ट लिहायचे आहे. बहीण पुण्यानुमोदनाला आलेली असते. डोळ्यांतले पाणी खळलेले नसते. अशा वेळी भाऊ म्हणतो, "ताई, सोसायटीत नाव लावायला एक सही पाहिजे, उद्या रजिस्ट्रार ऑफिसला जाऊन येऊ." ती जाते आणि सही करते. पुढे तिच्या संसारात अडचण येते, तेव्हा तिला कळते की ती सही कशावर होती. बहिणीने राजीखुशीने हक्क सोडला तर तो तिचा अधिकार आहे, त्यात वाईट काही नाही. पण कागद तिला वाचून दाखवावा, घराची आजची किंमत सांगावी, आणि निदान महिनाभर थांबावे. माहेर तुटेल या भीतीने केलेल्या सहीला आम्ही राजीखुशी म्हणणार नाही.

घरात दुसरेपणाचा संबंध असेल तर प्रश्न आणखी नाजूक. पहिली पत्नी गावी हयात असताना मुंबईत दुसरे लग्न केलेले असेल, तर ते लग्न बौद्धांतही कायद्याने अवैध. दुसरीला पत्नी म्हणून वारसा मिळत नाही. तिच्या मुलांना मात्र वडिलांच्या मालमत्तेत इतर मुलांबरोबर हक्क आहे. जिने वीस-तीस वर्षे सोबत काढली तिची सोय करायची असेल, तर मृत्युपत्र हाच सरळ मार्ग आहे.

स्वतःचे घर असलेल्या भगिनींनी, विशेषतः नोकरी करणाऱ्या निपुत्रिक भगिनींनी, पुढचा निकाल वाचावा. नारायणीदेवी नावाची स्त्री लग्नानंतर तीन महिन्यांतच विधवा झाली. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. माहेरच्यांनी शिकवले, ती नोकरीला लागली. १९९६ साली ती मृत्युपत्र न करता वारली. तिच्या कमाईवर कोणाचा हक्क? २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने कलम १५ च्या शब्दांवर बोट ठेवून ती नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना दिली. कारण निपुत्रिक विधवेची स्वकष्टाची मालमत्ता प्रथम पतीच्या वारसांकडे जाते, असे कलम सांगते. आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता तेवढी माहेरी परत जाते. नोव्हेंबर २०२५ मध्ये याच कलमाचा विषय निघाला असता सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांना मृत्युपत्र करून ठेवण्याचे आवाहन केले.

सिडकोचे घर

नवी मुंबईत सिडकोची जमीन भाडेपट्ट्याने दिलेली असते, विकलेली नसते. म्हणून संस्थेत नाव लागले तरी काम अर्धेच होते; सिडकोच्या वसाहत विभागाकडेही वारसाची नोंद करून घ्यावी लागते. त्याखेरीज महापालिकेचा मालमत्ता कर आणि महावितरणचे मीटर. ही नावे बदलली म्हणजे मालकी सिद्ध होत नाही, पण न बदलल्यास पुढे तोंडघशी पडायची पाळी येते. घरावर कर्ज असेल तर ते माणसाबरोबर जात नाही. वारसांनी ताबडतोब बँकेला कळवावे, कर्जाला विमा जोडलेला होता का ते विचारावे. मयताचे देणे त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून फेडायचे असते. वारसाच्या स्वतःच्या पगारावर ते चढत नाही. मात्र बँकेचे तारण त्या घरावर कायम राहते.

आणि ज्यांनी घर 'पॉवरवर' घेतले आहे, त्यांनी हे दोनदा वाचावे. कोपरखैरणे, ऐरोली, नेरूळ येथील छोटी घरे मूळ वाटपदाराकडून केवळ मुखत्यारपत्रावर घेतल्याची उदाहरणे कमी नाहीत. मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निःसंदिग्ध सांगितले. मूळ वाटपदार वारला की मुखत्यारपत्र बहुधा संपतेच, आणि त्याचे वारस दारात येतात. घेणारा वारला तर त्याच्या मुलांनी वारस दाखला कशाचा मागायचा? वडिलांचे नाव सिडकोच्या दप्तरात कधी आलेलेच नसते. मूळ वाटपदार हयात असेल तोवर धावपळ करून रीतसर हस्तांतर करून घ्यावे.

वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून पुष्कळ जण घरी बसतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तसेच अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, उत्पन्न किती हे न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. १९९० पासून अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला असल्याने जातीचा दाखला असलेल्या आपल्या बांधवांनाही तो लागू आहे. जिल्हा व तालुका विधी सेवेची कार्यालये न्यायालयाच्या आवारातच असतात. जाताना मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका, वाटपपत्र किंवा करारनामा, भाग दाखला, कराची शेवटची पावती आणि सर्व वारसांची नावे व वये लिहिलेला एक कागद सोबत न्यावा. त्या कागदावर आजी आणि बहिणी यांची नावे आहेत ना, हे घरातून निघण्यापूर्वी पाहावे.